वारा कमी पडत व्हता

अक्काचा फोन दुपारी आला. माझी ही थोरली बहीण दुपारी कधी फोन करत नाही. दुपार तिच्या मते कामाची नाहीतर झोपेची वेळ, बोलण्याची नव्हे. "जेवून शेडमधी खुर्चीवर बसले व्हते," ती म्हणाली, "चहाला हाक मारली तर..." आणि थांबली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तू ये. येताना हार आणू नको. हार आणणारे लय येतील." नाशिकहून निफाडच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की 'गेले' हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता आणि मलाही तो विचारावा लागला नव्हता.

हार आणणारे आलेच. दुसऱ्या दिवशी चौफुलीवर फ्लेक्सही लागला. त्यावर माझे मेहुणे, म्हणजे रंगनाथदाजी, डोक्याला फेटा बांधून उभे होते. हा फेटा त्यांच्या डोक्यावर उभ्या आयुष्यात कुणी पाहिलेला नव्हता. तो संगणकावर बांधला गेला असावा. चेहराही दोन-चार छटांनी गोरा केला होता. आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी प्रवचन होतं आणि प्रवचनानंतर माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. वक्ते त्या दिवशी अशाच आणखी दोन घाटांवर जाऊन आलेले असतात, त्यामुळे भाषण तयार असतं, फक्त नाव बदलायचं. एकाने दाजींना 'द्राक्षमहर्षी' केलं. दुसरा म्हणाला, "रंगनाथरावांनी कधी कुणाला प्रश्न केला नाही, असा हा शांत माणूस." शेजारी बसलेल्या, सोसायटीच्या सभांना दाजींबरोबर जाणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि उपरणं तोंडाला लावलं. तो रडत नव्हता.

कारण दाजींनी प्रश्नाशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. सोसायटीच्या सभेत ते इतके विचारायचे, की चहा त्यांच्या प्रश्नाआधी वाटायची पद्धत पडली होती. पण त्यांना उत्तर देणाऱ्याला खाली पाहायला लावायचं नसे, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असे. एकाच ओळीतल्या एकाच वेलीची पानं उत्तरेकडूनच का करपतात? कावळा द्राक्षं खाताना आधी हिरवा मणी का टोचून बघतो? मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. मला ते विचारायचे, "पाव्हणं, चूक छापून झाल्यावरच का दिसती हो?" मी दिलेलं कुठलंच उत्तर त्यांना पटलं नाही. मलाही नाही.

त्यांचे गुडघे गेले आणि प्रश्न ओट्यावर अडकले. द्राक्षबाग चालून बघावी लागते; वेलीखाली वाकून, घड हातात घेऊन. दाजींना शेडपासून पहिल्या ओळीपर्यंत जायला दोन ठिकाणी बसावं लागायचं. मुलगा महेश पुण्यात नोकरीला आहे, चांगला मुलगा आहे. त्याने नाशिकला आई-वडिलांसाठी लिफ्ट असलेला फ्लॅट घेऊन ठेवला होता आणि बाग वाट्याने द्या म्हणत होता. अक्कालाही फ्लॅट आवडला होता. "खिडकीतून देवळाचा कळस दिसतो," ती सांगायची. दाजींनी कळसाबद्दल काही मत दिलं नाही. ते बाहेर पडले आणि एटीव्ही घेऊन आले.

ज्यांनी हे वाहन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जाडजूड चार चाकांवर मोटारसायकल बसवली आणि तिला बेडकाचा चेहरा दिला की एटीव्ही होते. वाइनरीच्या आसपासच्या रिसॉर्टांत शहरी पाहुणे तिच्यावर बसून चिखलात फिरतात आणि त्याला साहस म्हणतात. असंच एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून दाजींनी लाल रंगाची एक उचलली. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'रणगाडा' ठेवलं. अक्काने आठवडाभर रणगाड्याकडे पाहिलंही नाही. "म्हातारपणी घोड्यावर बसायची हौस," एवढं एकदा तव्याला उद्देशून म्हणाली. शेवटी महेशने तोडगा काढला, की यंदाचा माल निघेपर्यंत बघू. तुम्ही एकटे बाग फिरू शकलात तर बाग राहील, नाहीतर वाट्याने द्यायची आणि तुम्ही दोघं नाशिकला. दाजींनी मान डोलावली. म्हणजे सगळं त्या लाल बेडकावर येऊन ठरलं.

महिना-दीड महिना रणगाडा गुणाने चालला. दाजी ओळीओळींतून फिरत, मधेच थांबत, वेलीशी बोलत. आणि ऐन मणी भरायच्या दिवसांत त्याने काळा धूर ओकायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर पिळला की तो पुढे जायच्या ऐवजी घुसमटायचा, पेट्रोलचा वास यायचा आणि दोन ओळींच्या मध्ये बंद पडायचा. मग दाजी त्याच्यावर बसून राहायचे, कुणी येईपर्यंत. एकदा अक्काच गेली शोधत. त्यांना धरून घरी आणताना वाटेत दोघांपैकी कुणीच बोललं नाही, असं दाजींनी मला सांगितलं. "त्यापरास शिव्या घातल्या असत्या तर बरं," ते म्हणाले.

मी तेव्हा दर रविवारी जात असे. दाजींनी रणगाडा शेडमध्ये घेतला होता आणि कार्बोरेटर एका परातीत काढून ठेवला होता. मला यंत्रातलं काही कळत नाही. त्यांनी सांगितलं ते असं: "कार्बोरेटर म्हंजे पिठलं करणारी बाई. पीठ किती, पाणी किती, एवढंच तिचं काम. इथं पीठ म्हंजे पेट्रोल, पाणी म्हंजे हवा. आपलं पिठलं घट्ट व्हतंय." मग पाण्याने कुठे दगा दिला ते बघा, मी म्हणालो. "तेच तर बघायचंय," ते म्हणाले, "पर एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आन गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळायचं नाय." मी म्हणालो, सुधारली हे पुरेसं नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. एक बदल करायचा, बागेला एक फेरा मारायचा, शेडमध्ये येऊन गरम प्लग काढायचा आणि त्याचं टोक उजेडात धरायचं. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. चहासारखं तपकिरी असेल तर बरोबर. पांढरं पडलं तर पेट्रोल कमी. वैद्याने जीभ बघावी तसे ते प्लग बघायचे आणि मलाही दाखवायचे. फेऱ्यात माझं काम मागच्या कॅरियरवर उलटं तोंड करून बसायचं आणि धुराकडे बघायचं. "पाव्हणं, वास कसा येतोय?" "पेट्रोलचा." "किती?" "दाजी, वासाला माप नसतं." "मग आत्ता जास्त का मघाशी?" आणि हे सगळं साड्यांच्या मधून. आमच्याकडे माल पिकायला लागला की ऊन आणि थंडी लागू नये म्हणून द्राक्षाच्या ओळींना जुन्या साड्या लावतात. व्यापारी गठ्ठेच्या गठ्ठे आणून देतात. नव्या माणसाला वाटतं गावात लग्न आहे. हिरव्या, गुलाबी, जरीच्या काठाच्या साड्यांच्या दोन भिंतींमधून मी पाठमोरा, काळ्या धुराचा हिशेब घेत चाललो होतो. निवृत्तीनंतर माणसाने काय करावं याबद्दल मी बरंच वाचलं होतं, त्यात हे कुठे नव्हतं.

आधी हवेचा स्क्रू. प्लग काळा. मग चोक अर्धवट अडकतोय का ते पाहिलं, अडकत नव्हता. मग बाजूचं झाकण उघडून एअर फिल्टर काढला. तो इतका स्वच्छ होता, की दाजींनी त्याला शाबासकी देऊन परत बसवला. विंचूरच्या रस्त्यावर युनूसभाईंचं गॅरेज आहे, मूळचे मालेगावचे. त्यांनी कार्बोरेटरच्या पोटातला तरंगणारा फ्लोट बघितला, त्याची छोटी सुई बदलली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "दाजी, अब काला धुवाँ निकला तर माझं नाव बदला." दुसऱ्या दिवशी काळा धूर निघाला. दाजींनी फोन करून त्यांना फक्त एवढंच विचारलं, "काय नाव ठेवू?" युनूसभाई हसत हसत परत आले, आतली दुसरी सुई एक खाच खाली बसवून गेले. थोडा फरक पडला. माल निघायला आता फार दिवस नव्हते आणि महेश पुढच्या आठवड्यात येणार होता. अक्काने फ्लॅटसाठी पडद्याचं कापड आणून ठेवलं होतं. ते पलंगावर, सगळ्यांना दिसेल असं होतं.

त्या रविवारी मी जेवायला बसलो तरी दाजी आले नाहीत. शेडमधून ठोकाठोकीचा आवाज येत होता, मग बंद झाला. बराच वेळ काहीच आवाज नाही. ते आले तेव्हा हाताला पेट्रोलचा वास होता आणि चेहरा... तो चेहरा मला सांगता येत नाही. अवघड गणित सुटल्यावर माणूस ओरडतो. हे गप्प झाले होते. भाकरी कुस्करत म्हणाले, "सापडलं."

"काय सापडलं?"

"वारा कमी पडत व्हता."

"मग?"

"मग पेट्रोल कमी करायचं." आणि अक्काकडे बघत म्हणाले, "लोणचं वाढ."

मला हे उत्तर तेव्हाही विचित्र वाटलं. वारा कमी पडत असेल तर वारा वाढवायचा, हे मुद्रितशोधकालाही कळतं. पण दुपारी त्यांनी मला युनूसभाईंकडे पाठवलं, मेन जेट एक नंबर बारीक आणायला. मेन जेट म्हणजे ज्या भोकातून पेट्रोल जातं ती छोटी पितळी तोटी. युनूसभाई देईनात. "साहेब, कंपनीनं बसवलेलं जेट हाय. त्याला कशाला हात लावायचा? बिमारी दुसरीकडं हाय." मी म्हणालो, दाजींना माहीत आहे कुठे आहे. "मग तिकडंच इलाज करा ना!" ते म्हणाले, पण दिलं. संध्याकाळी प्लग निघाला तो चहाच्या रंगाचा. मी उलटा बसून दोन फेरे वास घेतला. वास नव्हता. मी विचारलं, "आता सांगाल का काय होतं?" ते म्हणाले, "तुम्ही तपासायचे तसलंच. छापून झाल्यावर दिसलं." आणि आयुष्यभर लोकांना कारणं विचारणाऱ्या त्या माणसाने मला कारण सांगितलं नाही.

महेश आला तेव्हा दाजी बागेतून एकटे फिरून आले होते. तो काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझी आई इथंच राहू म्हणते." महेशने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. मी तिथेच होतो. अक्काच्या हातातलं लाटणं क्षणभर थांबलं. "असं म्हणाले का ते?" ती म्हणाली. मग पोळी उलटली. "मग राहू." त्या पडद्याच्या कापडाचे पुढे उशांचे अभ्रे झाले. त्यानंतर त्यांना आणखी दोन हंगाम मिळाले.

यंदा भाद्रपदात ते गेले. महेश पंधरा-वीस दिवस राहिला आणि जाण्याआधी त्याला सगळं मार्गी लावायचं होतं, जसं कुणालाही लावावंसं वाटतं. बाग वाट्याने, आई फ्लॅटवर, रणगाडा विकायचा. एका रिसॉर्टवाल्याने रविवारी बघायला येतो म्हणून सांगितलं. अक्का म्हणाली, "ऑक्टोबर छाटणी मी बघणार. पुढचं पुढं." महेश म्हणाला, "आई, तुला ओळीत चालवत नाही. कशी बघणार?" "त्याच्यावर," तिने हनुवटीने शेडकडे दाखवलं. महेशने सुस्कारा सोडला. "तो चालत नाही, आई."

तो खरंच चालत नव्हता. विकायच्या आधी सर्व्हिसिंग करावं म्हणून त्याने युनूसभाईंना बोलावलं होतं. त्यांनी सीट काढली, सगळं धुतलं, पुसलं, लखलखीत केलं. आणि लखलखीत रणगाडा ॲक्सिलरेटर पिळला की सायलेन्सरमधून फटाके वाजवून बंद पडू लागला. चोक अर्धा ओढून धरला तरच कसाबसा पुढे सरकायचा. मी तिथे पोचलो तेव्हा युनूसभाई प्लग हातात घेऊन महेशला दाखवत होते. टोक पांढरं फटक. "आता उलटी बिमारी," ते म्हणाले. "पेट्रोलच कमी पडतंय. साहेब, ते बारीक जेट आठवतं? तुम्हीच नेलं होतं. ते काढून कंपनीचं बसवतो, गाडी पळेल. पण दोन वर्षं याच जेटवर कशी चालली, ते मला अल्लाकसम कळत नाही."

मलाही कळेना आणि मी दाजींच्या त्या खुर्चीकडे पाहिलं, सवयीने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेट तेच, सुई तीच, पेट्रोल तेच. मग बदललं काय? मी युनूसभाईंना विचारलं, "धुताना काय काय काढलंत?" "काही नाही. कचरा. हवेच्या नळीच्या तोंडाला एक चिंधी अडकली होती, ती फेकली."

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या अक्काने ट्रे खाली ठेवला. "चिंधी?" ती म्हणाली. "तिथली साडी काढली काय तुम्ही?"

कुठली साडी, म्हणून आम्ही तिघांनी एकदमच विचारलं. ती अजिबात गोंधळली नाही. त्या वर्षी बागेत भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी मारायला सुरुवात झाली, ओळींच्या साड्यांचा गठ्ठा शेडमध्ये फोडला होता. भुकटी यंत्राच्या नाकात जाऊ नये म्हणून तिने एका साडीचा काठ सोडून मऊ तुकडा फाडला, दुहेरी केला आणि सीटखाली जिथून ते हवा ओढतं तिथे दोऱ्याने बांधून टाकला. बागेतल्या प्रत्येक गोष्टीला साडी, मग यालाही. झालं एवढंच. श्वास अडला, पेट्रोल जास्त झालं, काळा धूर. आणि आतला फिल्टर मात्र स्वच्छ, कारण भुकटी साडीवरच अडत होती. दाजींनी फिल्टरला जी शाबासकी दिली, ती खरं तर अक्काची होती.

"पण दाजींना सापडलं होतं ते," मी म्हणालो. "त्या रविवारी. त्यांनी तुला सांगितलं नाही? काढून का नाही टाकलं?"

"मला कधी काय बोलले नाय. फक्त अधूनमधून म्हणायचे, आज रणगाडा जरा खोकतोय. मग मी कापड बदलायची. नवं बांधलं की खोकला थांबायचा."

"म्हणजे त्यांना माहीत होतं, की तुला माहीत आहे, की..." महेश म्हणाला आणि वाक्य त्याच्या हातून सुटलं.

"मला काय ठाऊक. मी विचारलं नाय," अक्का म्हणाली. "सगळंच विचारायचं असतं का? ते एक विचारायचे तेवढं पुरं व्हतं घरात."

"आणि खोकला थांबला हे तुला कसं कळायचं?" मी विचारलं. 

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "ते दुपारी झोपले की एक चक्कर मारूनच बघायची ना मी."

मी गेले काही आठवडे या गोष्टीचा विचार करतो आहे. चिंधी काढून टाकणं हा दोन मिनिटांचा उपाय होता. तो सोडून दाजींनी सबंध यंत्र त्या चिंधीच्या मापाने लावून घेतलं. यंत्राच्या दृष्टीने हा अडाणीपणा आहे आणि त्यांना ते नक्की कळत होतं. मग का? प्रेम वगैरे शब्द फ्लेक्सवाल्यांसाठी ठेवू. मला एवढंच सुचतं: जी ओळ सोडून द्यायची असते, तिला आमच्याकडे कुणी साडी लावत नाही. जिचा माल काढायचा असतो, तिलाच लावतात. पडद्याचं कापड पलंगावर ठेवून अक्का नाशिकला जायला निघाली होती. पण सीट काढल्यावर त्या माणसाला, सगळ्या आयुष्यात न विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर, दोऱ्याने गाठ मारलेलं सापडलं. ते काढून फेकायचं कसं? मला हे उत्तर पटतं. दाजींना पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

त्या दिवशी युनूसभाई कंपनीचं जेट घेऊन तयारच होते. अक्काने त्यांना हाताने थांबवलं, घरात जाऊन एक आकाशी साडी आणली, बागेतल्या गठ्ठ्यातली, आणि तिचा मऊ तुकडा टर्रकन फाडला. मी बांधतो, असं म्हणायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही. तिने दुहेरी घडी घातली, नळीच्या तोंडावर ताणली, दोऱ्याचे वेढे घेतले आणि दाताने दोरा तोडला. मग पदर खोचून वर बसली आणि कळ दाबली. इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं. रविवारी येऊ नका म्हणून रिसॉर्टवाल्याला सांगायला महेशने खिशातून मोबाइल काढला.

"पाठीमागं बस," अक्का मला म्हणाली.

मी सवयीने उलटं तोंड करून बसलो. आम्ही पहिल्या ओळीत शिरलो, छाटणीला आलेल्या वेली दोन्ही बाजूंनी मागे मागे जात राहिल्या, धूर नव्हता.

"वास येतोय का?" इंजिनच्या आवाजावरून ती ओरडली.

"नाही," मी म्हणालो.

"नीट घे," ती म्हणाली.